क्षमा मागायला आलेली गाडी

सापगावच्या चंद्रकलेला राग येतो, हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर तीसेक वर्षांनी कळलं. तोवर धर्मा सगळ्यांना सांगायचा की आमच्या घरात भांड्याला भांडं लागत नाही. आणि ते खरंच होतं. पुढच्या पडवीत पिठाची गिरणी, मागे थोडं भात आणि भेंडी, पोटचा पोरगा पुण्याला कंपनीत लागलेला, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या खोलीत दुसऱ्यांची लेकरं. ज्यांना कुणी नाही किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी. बालकल्याण समितीकडून फोन आला की धर्मा 'पाठवा' म्हणायचा, आणि रविवारी चर्चमध्ये माणसं त्याची पाठ थोपटायची. पोरांच्या उवा काढणं, ओली झालेली गोधडी सकाळी वाळत घालणं, शाळेतल्या बाईंची बोलणी ऐकून घेणं, हे चंद्रकलेच्या वाट्याचं. तिला त्याचं काही वाटत नसे. पोरं येत, राहत, जात. जाताना रडत. जायला जागा मिळाली तर थोडं रडेना का, असं ती म्हणायची.

तानी आली ती तानसाकडच्या एका पाड्यावरून. आई बाळंतपणात गेलेली, बाप वीटभट्टीवर गेला तो परत फिरकला नाही, आणि शेवटी सांभाळणाऱ्या आजीनेही डोळे मिटले. चार वर्षांची पोर, पण तोंडातून शब्द नाही. गिरणी सुरू झाली की पिंपाच्या मागे जाऊन बसायची. हळूहळू त्याच आवाजात, पिठाच्या पोत्याला टेकून झोपायला लागली. चंद्रकलेला आई म्हणायला तिला कुणी शिकवलं नाही. आपोआप म्हणू लागली आणि मग दिवसभर तेच चाललं. आई हे बघ, आई ते बघ.

असं तीनेक वर्षं चाललं. ठाण्याचं एक जोडपं दत्तक मुलासाठी नोंदणी करून कधीचं वाट पाहत होतं. नोएल आणि दर्शना. त्यांचा नंबर लागला तो तानीवर. दर्शनाच्या माहेरची माणसं शहापूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीची निघाली, तेव्हा ही तर देवाचीच योजना, असं पाळकसाहेब म्हणाले. धर्मालाही तसंच वाटलं. चंद्रकलेला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने चांगलंच झालं म्हटलं असतं. पोरीला वेगळी खोली, इंग्रजी शाळा, आणि दोन माणसांचं सगळं लक्ष तिच्या एकटीवर. इथे काय, गिरणी आणि गोधडी.

म्हणून तिनेच तानीला तयार केलं. मला मावशी म्हणायचं, असं ती रोज शिकवू लागली. आई एकच असते आणि ती आता ठाण्याला आहे. तानी सवयीने आई म्हणाली की चंद्रकला ओ द्यायची नाही. पोरगी पुन्हा हाक मारायची, मग गप्प व्हायची, मग हळूच मावशी म्हणायची. तेव्हा चंद्रकला वळून बघायची. शाळा सुरू होण्याच्या सुमारास गाडी आली आणि तानी गेली. त्या दिवशी चंद्रकलेने घरात दळण नव्हतं तरी गिरणी सुरू ठेवली होती.

दिवाळी झाली आणि समितीच्या बाईंचा फोन आला. तानीला परत करताहेत, तुम्ही घ्याल का?

ठाण्याला समितीच्या कार्यालयात चंद्रकलेने जे पाहिलं ते पुढे ती धर्माला किती वेळा सांगायची, आणि दर वेळी तितक्याच रागाने. दर्शना खुर्चीत बसून हुंदके देऊन रडत होती. नोएल तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा तिच्याकडे वळवला. आणि तानी दाराशी, चाकांच्या बॅगेचा दांडा धरून उभी. केस मुलग्यासारखे बारीक कापलेले, पायांत काळे बूट. तिला कुणी पाणी विचारलं नाही. नोएल सांगत होता की त्यांनी सगळं करून पाहिलं, डॉक्टर झाले, काउन्सेलर झाली, पण तान्या ॲडजस्ट होत नाही. तान्या कोण, हे कळायला चंद्रकलेला थोडा वेळ लागला. रात्री अंथरूण ओलं करते. चपात्या गादीखाली लपवते, मुंग्या होतात. दर्शनाच्या भाचीला चावली. समितीच्या बाईंनी त्यांना बरंच सुनावलं होतं म्हणे, पण नको असलेल्या घरात पोरीला कोंडून तिचेच हाल होतील, म्हणून शेवटी हे.

"चपात्या आमच्याकडंबी लपवायची," चंद्रकला म्हणाली. "मी तिला झाकणाचा डबा दिलता."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," नोएल म्हणाला.

जणू गाडी विकताना तिचा ब्रेक लागत नाही हे लपवलं होतं. चंद्रकलेच्या तोंडाशी शब्द आले. पण समोर पोरगी उभी होती, म्हणून तिने जीभ आवरली, पुढे होऊन बॅग उचलली आणि आधी पाण्याचा ग्लास तानीच्या हातात दिला.

घरी आलेली तानी म्हणजे पाहुणी. बूट घालूनच झोपायची. बोलणं साफ, शहरातलं. 'नाय' म्हणणारी पोर 'नाही' म्हणायला लागली होती. आणि चंद्रकलेला मावशी म्हणायची, अगदी न चुकता. शिकवलेलं पक्कं झालं होतं. चंद्रकलेने एकदा सांगून पाहिलं की आता आई म्हटलंस तरी चालेल. तानीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको, मावशी." त्या रात्री चंद्रकलेला स्वतःचा इतका राग आला की तिने धर्माशी विनाकारण भांडण काढलं. भांड्याला भांडं लागलं ते तेव्हापासून.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रार्थनेत नोएल आणि दर्शनाचं नाव घेतलं. मोठ्या दुःखातून गेलेल्या या कुटुंबाला शांती मिळो. महिला मंडळाच्या बायकांनी 'आमेन' म्हटलं. एकदोघींनी डोळे पुसले. तानी चंद्रकलेच्या मांडीला लागून बसली होती. तिचं नाव प्रार्थनेत आलं नाही. चंद्रकला उठली, पोरीचा हात धरला आणि मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, बाहेर निघून गेली. चप्पलसुद्धा तिने रस्त्यावर जाऊन घातली.

दोन दिवसांनी पाळकसाहेब गिरणीवर आले. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात कुणाच्या घरात पाणी शिरलं तर बादली घेऊन पहिला जाणारा. ते पोत्यावर बसले आणि समजुतीने बोलू लागले. दर्शनाची अवस्था वाईट आहे. ती जेवत नाही, झोपत नाही, गोळ्या सुरू आहेत. तिला एकदा इथे येऊन तुमची आणि मुलीची क्षमा मागायची आहे. मनातला काटा निघाला म्हणजे दोन्हीकडे बरं होईल.

चंद्रकला गिरणीच्या तोंडात तांदूळ ओतत होती. ती ओतायची थांबली नाही. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून तिने सांगितलं की माझी क्षमा मागायचं काही कारण नाही, मला त्यांनी परत केलेलं नाही. पोरीकडे मागायची असेल तर ती आठ वर्षांची आहे. आठ वर्षांच्या पोरीने तीस-पस्तीस वर्षांच्या बाईला झोप लागावी म्हणून काय काय करायचं, ते तुम्हीच सांगा.

"राग धरून बसणं आपल्याला शोभत नाही, चंद्रकलाबाई," पाळकसाहेब म्हणाले.

"मी धरून नाय बसले. त्यानंच मला धरलंय."

पाळकसाहेब मग मागे शेतात गेले आणि धर्माशी बोलले. धर्मा हो म्हणाला. तो कुणालाच नाही म्हणत नसे. शनिवारी दुपारी तुम्ही त्यांना घेऊन या, आमच्या दारातून कुणी परत जात नाही. चंद्रकलेला हे संध्याकाळी कळलं. ती त्याला इतकं बोलली की शेजारची अंबूबाई भाजी निवडता निवडता कुंपणाशी येऊन उभी राहिली. तुमचं 'पाठवा' आणि तुमचं 'या', तोंडातून दोन शब्द गेले की तुमचं पुण्य झालं, बाकी मी आहेच निस्तरायला. धर्मा खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला की माणूस क्षमा मागायला येतोय, चंद्रा, चोरी करायला नाही.  चंद्रकलेचं सगळं आयुष्य त्याच शिकवणीत गेलं होतं. ती थकलेली होती. येऊ दे म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने अंगण सारवलं. राग कितीही असला तरी येणाऱ्याला कोरडा चहा द्यायचा नाही, म्हणून दुपारी कांदे चिरून पोहे भिजवले. तेवढ्यात अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अपेक्षा त्यांच्याकडे सहा वर्षं राहत होती. नववीतली मुलगी, तोंडाने फटकळ. तिला नेण्यासाठी कधी कुणाचा नंबर लागला नव्हता.

"तानीकडं बघून या," ती म्हणाली. "आणि मला सांगायला लावू नका."

तानी खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. स्वतःच्या हाताने आंघोळ केलेली, बारीक केस पाणी लावून बसवलेले. ठाण्याहून येताना अंगावर होता तो फ्रॉक तिने घातला होता. पायांत बूट होतेच. शेजारी चाकांची बॅग, भरलेली, चेन ओढलेली. खिडकीतून शहापूर-मुरबाडचा रस्ता दिसतो तिकडे तिचं तोंड.

चंद्रकला दारातच उभी राहिली. तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता.

"मावशी," तानी म्हणाली, "मी आता अंथरूण ओलं करत नाही. परवापासून नाही केलं. तू सांगशील ना त्यांना?"

 चंद्रकलेला पोरीजवळ बसून तिला कुशीत घेता आलं असतं, समजावता आलं असतं. ते तिला नंतर सुचलं. त्या वेळी तिला एवढंच कळलं की गाडी या अंगणात येता कामा नये. ती हात न धुता, अनवाणी, घराबाहेर पडली. अपेक्षाला तिने ओरडून सांगितलं की हिला आत धरून ठेव. आणि भरल्या उन्हात ती धावत सुटली, जिथे त्यांच्या घराची कच्ची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथवर.

पांढरी गाडी नुकतीच वाटेला लागली होती. चंद्रकला मधोमध उभी राहिली. नोएलने करकचून ब्रेक मारला. पुढे त्याच्या शेजारी पाळकसाहेब, मागे दर्शना, मांडीवर मिठाईचा पुडा आणि एक नवीन बाहुली. पाळकसाहेबांनी काच खाली केली आणि काय झालं म्हणून विचारलं. चंद्रकलेने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती मागच्या खिडकीशी गेली.

"तिला न्यायला आलात का?" तिने विचारलं.

दर्शनाने नोएलकडे पाहिलं. नोएलने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"ते आता शक्य नाही, ताई," तो म्हणाला. "आम्ही फक्त भेटायला... तिची क्षमा मागायला."

"मंग गाडी फिरवा."

पाळकसाहेब दार उघडून उतरले. रस्त्यात तमाशा नको, घरी चला, धर्मा वाट पाहत असेल, असं ते म्हणू लागले. चंद्रकलेने हात वर केला आणि ते थांबले. पुढे ते स्वतःच कुणाला तरी म्हणाले होते की त्या बाईचा हात त्या दिवशी मला ओलांडता आला नाही.

"पोरगी आंघोळ करून, बॅग भरून बसलीय," चंद्रकला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तिला वाटतंय तुमी न्यायला येताय. मला सांगते, मी आता अंथरूण ओलं करत नाय, त्यांना सांग. मी सांगितलं तुमाला. ऐकलंत? आता तुमी आत येणार, तिच्या गळ्यात पडून रडणार, बाहुली देणार, आणि परत जाणार. बॅग तिनं रिकामी करायची. दुसऱ्यांदा. ते मी होऊ देणार नाय."

दर्शना पुढे वाकून रडायला लागली. मिठाईचा पुडा खाली घरंगळला. ते रडणं खोटं नव्हतं, हे चंद्रकलेला दिसत होतं. त्या बाईचे डोळे खोल गेले होते, मनगटं काठीसारखी झाली होती. ती खरंच मोडली होती. आणि ते दिसलं म्हणून चंद्रकलेचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण तिची कीव करावी लागणार होती, आणि कीव करायला आज तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"मला एकदा तिला बघू द्या," दर्शना म्हणाली. "लांबून."

"तुमाला लांबून बघून बरं वाटंल. तिला काय वाटंल?"

नोएलने गिअर टाकला. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना बांध. गाडी वळवायला जागा नव्हती, ती मागे मागे घ्यावी लागली. पाळकसाहेब बाजूला उभे राहून हाताने दाखवत होते. अजून थोडी, डावीकडे, अजून. गाडीचा तो मागे घेतानाचा आवाज घरापर्यंत गेला असावा.

तानी अपेक्षाचा हात चावून सुटली होती. ती बॅग ओढत आली. खडबडीत वाटेवर चाकं अडकत होती, तरी तिने बॅग सोडली नाही. चंद्रकलेला मागून ती चाकांची खडखड ऐकू आली. तोवर गाडी डांबरी रस्त्याला लागली होती. तानीने एकदा मम्मी अशी हाक मारली. गाडी शहापूरच्या दिशेने गेली. मग तिने बॅग सोडली आणि पळाली, आणि चंद्रकलेने तिला मधेच कमरेला धरून उचललं.

त्या पोरीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तिने चंद्रकलेच्या तोंडावर मारलं, केस ओढले, बुटाच्या टाचा मांडीवर हाणल्या. तू घालवलंस त्यांना, असं ती ओरडत होती. "ते येत होते. तू घालवलंस."

"हो," चंद्रकला म्हणाली. "मी घालवलं."

धर्मा शेतातून धावत आला तेव्हा दोघी वाटेच्या कडेला मातीत बसल्या होत्या. तानी अजून मारत होती, पण हात थकले होते. पाळकसाहेब रस्त्यावरच उभे होते, त्यांना कुणी न्यायला उरलं नव्हतं. ते पुढे आले नाहीत. थोड्या वेळाने किन्हवलीकडून एक टमटम आली, तिला हात करून ते शहापूरला गेले.

धर्मा त्या संध्याकाळी आधी रागावला. दारात आलेल्या माणसाला आपण हाकलून दिलं, हे त्याला लागलं होतं. मग त्याने चंद्रकलेच्या दंडावरचे वळ पाहिले आणि अपेक्षाने त्याला दुपारी खोलीत काय झालं ते सांगितलं. तो बराच वेळ गिरणीच्या पट्ट्याशी काहीतरी करत बसला. मग आत येऊन म्हणाला की मी तानीला खरं सांगतो. ते न्यायला आलेच नव्हते, नुसते भेटायला आले होते, यात तुझा काही दोष नाही.

चंद्रकलेने त्याला अडवलं.

"काय सांगाल तिला? की त्यांना ती नको होती, म्हणून दोनदा सोडून गेले? मोठी झाली की कळंल. आता तिला माझ्यावर रागवू दे. माझ्यावर कितीबी रागावली तरी मी कुटं जाणार हाय?"

 दुसऱ्या दिवशी धर्मा एकटाच शहापूरला गेला आणि पाळकसाहेबांना म्हणाला की हो म्हणायची चूक माझी होती, बायकोला विचारल्याशिवाय मी यापुढे हो म्हणणार नाही.  नाताळात पाळकसाहेबांकडून केक आला, चिठ्ठीशिवाय. चंद्रकला चर्चमध्ये जाऊ लागली ती थेट ईस्टरला, आणि तेव्हाही मागच्या बाकावर, दाराजवळ.

तो उन्हाळा तानीच्या रागात गेला. तिने दळणाच्या डब्यात माती कालवली. धर्माची शेतात न्यायची बाटली विहिरीत टाकली. अपेक्षाची विज्ञानाची वही फाडली, तेव्हा अपेक्षाने तिला एक ठेवून दिली आणि मग स्वतःच ओट्यावर जाऊन रडत बसली. हिला निदान कुणी नेलं तरी होतं, असं ती चंद्रकलेला म्हणाली, मला बघायलासुद्धा कुणी आलं नाही, तरी मी कुणाची वही फाडत नाही. चंद्रकला तिच्याजवळ बसली. त्या मुलीने कधी काही मागितलं नव्हतं म्हणून आपण तिला काही दिलं नाही, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि आपलाच पुन्हा राग आला. आता तो राग तिच्या ओळखीचा झाला होता. पूर्वी ती असं काही वाटलं की गिरणी सुरू करायची. आता बोलायची. धर्माशी बोलायची, समितीच्या बाईंशी बोलायची, शाळेत तानीला मठ्ठ म्हणणाऱ्या मास्तरांशी तर वर्गात जाऊन बोलली. गावात तिला तोंडाळ म्हणायला लागले.

भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास समितीच्या बाई घरी आल्या. धर्मा आणि चंद्रकलेने तानीला कायमची आमच्याकडेच द्या म्हणून सांगितलं होतं, आणि अपेक्षाचंही विचारलं होतं. बाई म्हणाल्या की नियमाने काय ते होईल, वेळ लागेल, पण आधी मला मुलींना विचारायला हवं. अपेक्षाने दोन शब्दांत हो म्हटलं आणि अभ्यासाला निघून गेली. तानी पडवीत पोत्यावर बसली होती. पाय अनवाणी, केस मानेपर्यंत आलेले. बाईंनी तिला गोड आवाजात विचारलं की तुला दुसऱ्या एखाद्या चांगल्या घरी जायला आवडेल का, की इथेच राहायचंय?

तानीने चंद्रकलेकडे बोट दाखवलं.

"मी कुटं जाणार नाय," ती म्हणाली. "मी हिच्यावर अजून रागावलेय."

बाई हसल्या. धर्माही हसला. चंद्रकलेला हसू आलं नाही. दारात अंबूबाई दळण घेऊन केव्हाची उभी होती, तिचा डबा घेऊन ती गिरणीकडे वळली आणि जाता जाता तानीला म्हणाली की रागावलीस तर रागाव, पण पोत्यावरून उठ आधी, पोत्यात तांदूळ हायेत लोकांचे.